ठिगळावरचा भरवसा

वारंगा फाट्यावर पंक्चर काढणाऱ्या अब्बांना त्यांची डॉक्टर लेक उझ्मा तिसऱ्यांदा समजावत होती. रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या स्नायूपेशी आत सरकतात आणि साचलेल्या चरबीवर ठिगळ लावतात. ते विरून फाटलं की हृदयविकाराचा झटका येतो. रोजची गोळी ते विरू देत नाही.

"ठिगळ बसलंय ना बराबर? मग गोळी काहून?"

पाच वर्षांच्या शिक्षणासकट उझ्मानं कपाळावर हात मारून घेतला. तेवढ्यात एक जीपवाला ट्यूब घेऊन आला. अब्बा ती पाहूनच भडकले.

"सात ठिगळं! यावर माणसं बसवून कळमनुरीला जाऊन राहिला? अक्कल हाय का न्हाई?"

उझ्मानं गोळी आणि तांब्या पुढं ठेवला.

अब्बांनी ट्यूबकडं पाहिलं, लेकीकडं पाहिलं आणि गोळी गिळली.

"पाणी गरम हाय," एवढंच म्हणाले.