दुसरं बटण

"मास्तर, पुन्हा निघालं हो!" असं म्हणत सिस्टरांनी राखाडी स्वेटर शिवणयंत्रावर टाकला आणि त्याचं वरून दुसरं बटण मास्तरांच्या हातावर ठेवलं.

मास्तर चाट पडले. हे बटण निघणं शक्यच नव्हतं.

म्हणजे याआधी तीनदा निघालं होतं, ते ठीक. ते त्यांनीच निघेलसं लावलं होतं. खोटं कशाला बोला! बायको गेल्यावर मास्तरांनी शिवणाचं दुकान आवरलं आणि यंत्र घरात खिडकीशी आणलं, पण कपडे टाकायला तीन जिने कोणतं गिऱ्हाईक चढणार? मुलगी रोज फोन करायची. "बाबा, कसे आहात?" "मजेत," म्हटलं की संपलं. मग उरलेला दिवस अंगावर यायचा. अशा वेळी ते सुईत दोरा ओवत बसायचे. ओवेपर्यंत जीव थाऱ्यावर यायचा. ही बायकोची शिकवण. तिच्या हयातीत ती राग आवरायला कामी आली, आता एकटेपणा आवरायला.

आणि अशाच एका दिवशी, 'कापड फाटेल पण मास्तरांचं बटण हलणार नाही' अशी चाळीस वर्षं ख्याती असलेल्या या माणसानं वरच्या मजल्यावरच्या निवृत्त नर्सबाईंचं बटण दोन टाक्यांत लावून दिलं. गाठ मारलीच नाही. आठवडाभरात सिस्टर हजर! बटणाला पाच मिनिटं, गप्पांना तास. त्या एकेका डॉक्टरची अशी काही नक्कल करायच्या, की हसण्याच्या भरात मास्तरांना सुई खाली ठेवावी लागायची.

पण गेल्या खेपेला त्या सहज बोलून गेल्या, "हे बटण उचलायला जिन्यात वाकले, तर तोलच गेला. कठडा हाताला लागला म्हणून बरं." मास्तरांनी लगेच दुहेरी दोरा घेतला, सहा टाके घातले, बटणाखाली वेढे दिले आणि पक्की गाठ मारली. आता यांचं येणं संपलं, हे ठाऊक असूनही मारली. त्या गेल्यावर उगाच चारदा सुई ओवली.

आणि आज हे!

त्यांनी चष्मा सरसावून स्वेटर उजेडात धरला. झिजून तुटलेला दोरा पिंजतो. ही टोकं सरळ होती. मागची गाठ तर जशीच्या तशी.

"सिस्टर, हे निघालेलं नाही. कापलंय."

सिस्टर खिडकीबाहेर बघू लागल्या. "काय करणार? दहा दिवस रोज ओढून बघितलं. हलेल तर शपथ!"

मास्तर ती गाठ पुन्हा निरखू लागले.

"आणि आधी तीनदा निघालं ते?" सिस्टर वळल्या. "जन्मभर टाके बघितलेत मी. माणसांचे असले म्हणून काय झालं? बिनगाठीचा टाका मला कळत नाही होय?"

मास्तरांचे कान लाल झाले. "चुकलं माझं. जिन्यात पडला असतात म्हणजे..."

"पडले नाही ना? द्या सोडून. आता घट्ट लावा बघू."

"घट्ट लावलं तर मग..."

"मग काय? गुरुवारी चारला येते. कामाशिवाय."

गुरुवारी मास्तरांनी यंत्रावर झाकण घातलं. गिऱ्हाइकाचं स्टूल बाजूला सारून बायकोची खुर्ची खिडकीशी ओढली, पुसली. चारला पाच मिनिटं असताना राहवेना, म्हणून सुई ओवायला घेतली. दोरा काही जाईना. तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. त्यांनी सुई तशीच रिळात खोचली आणि दार उघडलं.

सिस्टर रिकाम्या हातांनी उभ्या होत्या. अंगात तोच स्वेटर, सगळी बटणं लावलेला.

"काम काही नाही हं," त्या म्हणाल्या.

"नसू दे," मास्तर म्हणाले आणि त्यांना आत यायला बाजूला झाले.