सोयॉनताई, शिट्टी येतेय!

घाबरू नका मित्रांनो, स्फोटबिट काही होणार नाहीये! हा जो खरखरीत आवाज येतोय ना, तो माझा आहे. मी एक जुना प्रेशर कुकर. पाच लिटरचा, एक कान तुटलेला, मुक्काम डब्लिनजवळचं क्लोनडॉकिन, जिन्याखालची प्रेस. प्रेस म्हणजे कपाट. इथले लोक कपाटाला प्रेस म्हणतात, आणि इतकी वर्षं इथे काढल्यावर मीही म्हणतो. आज मला बोलायचंच आहे. गोष्ट माझी आहे खरी, पण त्याहून जास्त ती एका मुलीची आणि तिच्या ताईची आहे, हे आधीच सांगून टाकतो.

माझा जन्म कारखान्यातला. ॲल्युमिनियमच्या एका सपाट चकतीला यंत्राने दाबून दाबून माझं पोट बनवलं. मग झाकण आलं, रबरी रिंग आली, सेफ्टी व्हॉल्व्ह आला आणि शेवटी डोक्यावर शिट्टी. ती बसली तेव्हा काय ऐट वाटली होती मला! पुण्यात शुभदाच्या लग्नात तिच्या मावशीने मला रुखवतात मांडलं, तेही मधोमध. नंतर शुभदा आणि शिरीष नोकरीसाठी आयर्लंडला निघाले तेव्हा माझ्या पोटात गोडा मसाला आणि तूरडाळ ठासून भरली आणि मला बॅगेत कोंबलं. विमानतळावरच्या मशीनमध्ये माझी सावली दिसली आणि तिथल्या माणसाचा चेहराच बदलला.

"हे काय आहे?"

"वरण," शिरीष म्हणाला. "म्हणजे, होईल."

मला बॉम्ब समजणारा तो पहिला माणूस. तेव्हा मला हसू आलं होतं.

क्लोनडॉकिनच्या त्या घरात मी राजासारखा राहिलो. बाहेर दिवसभर भुरभुर पाऊस, चार वाजता अंधार, आणि आत माझी वाफ! मी शिट्टी दिली की वरच्या खोलीतून शुभदा ओरडायची, "किती झाल्या गं?" आणि त्यांची मुलगी रेवा खालून ओरडायची, "दोन! की तीन? आई, तू मोज ना!" आमच्या घरात शिट्ट्या मोजणं हे सगळ्यांचं काम होतं आणि कोणीच ते नीट करत नव्हतं. एकदा तर शुभदा ऑफिसच्या कॉलवर अडकली, पाणी आटलं, माझा व्हॉल्व्ह उडाला आणि सगळी डाळ छताला. छोटी रेवा रडायला लागली. शिरीषने तिला कडेवर घेतलं आणि म्हणाला, "रडतेस काय? व्हॉल्व्ह होता म्हणून वाचलो ना आपण!" छतावरचा तो पिवळा डाग अजून आहे. ते वाक्यही रेवाच्या डोक्यात घर करून राहिलं.

मग सोयॉन आली. दक्षिण कोरियाची मुलगी, समुद्रातल्या शेवाळाचा अभ्यास करायला डब्लिनच्या विद्यापीठात आलेली. डब्लिनमध्ये खोली मिळणं किती कठीण! शुभदाने वरची छोटी खोली तिला भाड्याने दिली. पहिल्याच संध्याकाळी मी नेहमीसारखी सणसणीत शिट्टी दिली, आणि धाडधाड पावलं वाजली. सोयॉन गायब!

"अगंबाई, ही गेली कुठे?" शुभदा घरभर शोधत सुटली.

ती जिन्याखालच्या प्रेसमध्ये सापडली. कोट आणि व्हॅक्यूम क्लीनरच्या मधे, कानांवर हात ठेवून, गुडघ्यात डोकं घालून बसलेली.

"अगं, वरण आहे ते, वरण!" शिरीष हसला. पण त्याच्याखेरीज कोणी हसलं नाही, आणि मग तोही थांबला.

चहा घेताना तिने सांगितलं. ती इंग्रजीत बोलत होती, मी आपलं मराठीत सांगतो. तिचं गाव एका छोट्या बेटावर. घराच्या गच्चीवरून समोर उत्तर कोरिया दिसतो, इतका जवळ. ती लहान असताना एक दिवस तिकडून तोफेचे गोळे आले. सायरन वाजला. तिच्या हाल्मोनीने, म्हणजे आजीने, एका हाताने तिला धरलं आणि दुसऱ्या हाताने आजोबांची बाही. बोटीच्या इंजिनावर जन्म काढल्याने आजोबांना ऐकूच येत नाही. सायरन झाला की आजीने बाही ओढायची आणि त्यांनी पळायचं. गॅसवर भाताचं भांडं तसंच राहिलं. काही दिवसांनी परतले तेव्हा ते कोळसा होऊन बसलं होतं.

मित्रांनो, तेही माझ्यासारखंच, झाकण घट्ट लावायचं भांडं. माझ्या पोटातलं पाणी दुसऱ्या दिवशी नेहमीपेक्षा उशिरा उकळलं.

त्यानंतर घरात नवा नियम झाला. मला गॅसवर चढवलं की रेवाने जिन्यापाशी उभं राहून ओरडायचं, "सोयॉनताई, शिट्टी येतेय!" आणि वरून उत्तर यायचं, "ग्रँड!" 'ठीक आहे' म्हणायची ही आयरिश तऱ्हा तिने पहिल्याच आठवड्यात उचलली होती. 'ताई' शब्द शुभदाने शिकवला. रोज सकाळी सोयॉन हाल्मोनीला व्हिडिओ कॉल लावायची, आणि हाल्मोनी पहिला प्रश्न एकच विचारायची. "भात खाल्लास का?" शुभदा म्हणायची, "माझी आई पण हेच विचारते गं. जगातल्या सगळ्या आयांना दुसरा प्रश्न सुचतच नाही!" मग सोयॉन फोन माझ्याकडे वळवायची आणि हाल्मोनी मला बघून मान डोलवायची.

पण सुखाला दृष्ट लागतेच. दिवाळीच्या सुमारास घरात इलेक्ट्रिक कुकर आला. चकचकीत, बटणांचा, शिट्टी नसलेला. "बिचारीला दचकायला नको," शुभदा म्हणाली. बरोबरच होतं तिचं. मी गेलो जिन्याखाली, नेमका त्याच प्रेसमध्ये. अंधारात, बुटांच्या वासात, रिंग कडक होत चाललेली. आपली गरज संपली हे कळणं फार वाईट असतं, मित्रांनो.

जानेवारीत दार उघडलं आणि रेवाने मला बाहेर ओढलं.

आता रेवाबद्दल सांगायला हवं. ही मुलगी आधी वर्गात तोंड उघडायची नाही. सोळाव्या वर्षी कोणीतरी तिचं नाव वक्तृत्वाच्या संघात घातलं आणि काय जादू झाली कोण जाणे! आता ती थांबायचंच नाव घेईना. आंघोळ करताना भाषण, बसस्टॉपवर भाषण. तिला स्पर्धा जिंकायची होती. नुसती जिंकायची नव्हती, तिला तिचा आवाज सगळ्यांनी ऐकायला हवा होता. विषय होता, "पूर्व आशियात अण्वस्त्रांमुळेच शांतता टिकली आहे." रेवाला विषयाच्या बाजूने बोलायचं होतं. आणि उदाहरण म्हणून तिला मी हवा होतो.

त्याच आठवड्यात सोयॉनच्या बेटासमोर पुन्हा तोफा कडाडल्या. गोळे समुद्रात पडले. सायरन झाला, गावकऱ्यांना तळघरात नेलं. बातम्यांत सांगितलं, जीवितहानी नाही. सोयॉन म्हणाली, "हाल्मोनी पायरीवर पडली. कंबरेचं हाड मोडलंय. बोटीने शहरातल्या हॉस्पिटलात नेलंय."

"अरे बापरे! पण होईल ना बरी?" रेवाने विचारलं, आणि उत्तर येईपर्यंत ती पुन्हा कागदावर वाकली होती.

शाळेच्या सभागृहात मला टेबलावर ठेवलं. समोर मुलं, शिक्षक, आणि तिसऱ्या रांगेत शुभदा, शिरीष, सोयॉन. रेवा माझ्या झाकणावर हात ठेवून बोलली, आणि काय बोलली!

"हा कुकर बघा. पूर्व आशिया असाच आहे. उत्तर कोरियाकडे अणुबॉम्ब आहे, चीनकडे आहे, जपान आणि दक्षिण कोरियाच्या डोक्यावर अमेरिकेच्या बॉम्बची छत्री आहे. आतला दाब भयंकर आहे, मान्य! अधूनमधून एखादं क्षेपणास्त्र समुद्रात पडतं, ती शिट्टी. आपण दचकतो. पण झाकण उडालंय का? नाही! कारण झाकण उडालं तर कोणीच उरणार नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. ही भीतीच सेफ्टी व्हॉल्व्ह आहे. परवाचीच बातमी घ्या. शेकडो गोळे सुटले, आणि मेलं किती? कोणी नाही!"

टाळ्या! मुलं बाकं वाजवत होती. मीही फुगलो. विमानतळावरच्या माणसानंतर मला बॉम्ब ठरवणारी ही दुसरी, आणि हिच्यामुळे मला टाळ्या मिळत होत्या. सोयॉनही टाळ्या वाजवत होती. हळू, पण वाजवत होती.

रेवा जिंकली. घरी येताच शिरीषने तिला गरागरा फिरवलं. "आता अंतिम फेरी! नास गावाला जायचं! बाईसाहेब, सही द्या आत्ताच!"

"बाबा, सोड ना!" रेवा हसत ओट्यापाशी आली. "सोयॉनताई, कसं झालं? खरं सांग हं."

"छान बोललीस," सोयॉन म्हणाली. "एक विचारू? त्या कुकरमध्ये डाळ कोण?"

"म्हणजे?"

"झाकण सांगितलंस, शिट्टी सांगितलीस, व्हॉल्व्ह सांगितलास. आत डाळ असते ना? ती कोण, ते नाही सांगितलंस."

रेवा हसायला गेली, पण हसू अर्ध्यातच अडकलं.

"हाल्मोनी गेली, रेवा. आज सकाळी फोन आला. तुला स्टेजवर जाण्याआधी सांगायचं नव्हतं मला."

शुभदाच्या हातातली वाटी ओट्यावर आपटली. सोयॉन माझ्याकडे बघत बोलत राहिली. सायरन झाला तेव्हा आजीने आजोबांना तळघरात नीट बसवलं होतं. ती स्वतःही सुखरूप पोचली होती. पण भाताचं भांडं गॅसवर होतं. मागच्या वेळी कोळसा झालेलं तिला आठवलं असणार. ती गॅस बंद करायला परत गेली. बंद केला. येताना घाईत पायरी चुकली.

"गोळा तिला लागला नाही. म्हणून ती मोजण्यात नाही," सोयॉन म्हणाली.

"मला माहीत असतं तर मी…"

"ती पडली हे तुला माहीत होतं, रेवा. तुझ्या भाषणात ते बसत नव्हतं, एवढंच."

ती रागाने बोलली नाही. रागाने बोलली असती तर बरं झालं असतं.

सोयॉन बेटावर जायला निघाली त्या दिवशी सकाळी रेवा माझ्यापाशी आली. तिने माझी शिट्टी काढून बाजूला ठेवली, झाकणही लावलं नाही. तांदूळ घातले, भरपूर पाणी घातलं आणि ढवळत उभी राहिली. कितीतरी वेळ. आयुष्यात पहिल्यांदा मी आवाज न करता काही शिजवत होतो. रेवाचे अश्रू भातात पडत होते. मीठ वेगळं घालावं लागलं नसेल. बॅग घेऊन सोयॉन खाली आली तेव्हा रेवाने वाडगा पुढे केला आणि हाल्मोनी रोज विचारायची तोच प्रश्न विचारला. तिच्याच भाषेत. रोज ऐकून पाठ झाला होता. उच्चार अगदीच आयरिश होता.

सोयॉनने दोन घास खाल्ले. मग रेवाच्या खांद्यावर डोकं टेकलं, आणि टॅक्सीचा हॉर्न वाजेपर्यंत दोघी तशाच उभ्या होत्या.

नासला रेवाने मला नेलं नाही. काय झालं ते शुभदा नंतर ओट्यापाशी शिरीषला सांगत होती, कारण तो त्या दिवशी कामावर होता. बाजू बदलायला परवानगी नव्हती. रेवा ठरलेलं भाषण बोलली. पण "मेलं किती? कोणी नाही" या तिच्या हुकमी वाक्यापाशी थांबली आणि म्हणाली, "एक. ती गॅस बंद करायला मागे फिरली होती." समोरच्या संघातला मुलगा टुणकन उठला. "थँक्यू! आमचा मुद्दा आता आम्हाला मांडायलाच नको!" सभागृह खो खो हसलं. रेवा हरली.

"रडली का?" शिरीषने विचारलं.

"नाही रे. गाडीत इतकंच म्हणाली, आई, ते हसले."

सोयॉन परत आली नाही. बेटावर आजोबा एकटे आहेत आणि त्यांना सायरन ऐकू येत नाही. बाही ओढायला कोणीतरी हवं. तिचा अभ्यास अर्धवट राहिला, वरची खोली रिकामी राहिली. रेवाने खूप दिवसांनी भीत भीत तिला विचारलं, "ताई, माझ्यावर चिडलीयेस?" उत्तरादाखल सोयॉनचा रेकॉर्ड केलेला निरोप आला, फोनमधून, माझ्या शेजारीच. "रेवा, आता इथे ओरडायचं काम माझं आहे. सायरन झाला की आजोबांची बाही ओढते आणि म्हणते, शिट्टी येतेय! मराठीत! त्यांना ऐकूच येत नाही, मग भाषा कुठली का असेना." मागे वारा होता, समुद्र होता. रेवाने तो आवाज पुन्हा पुन्हा ऐकला.

मला त्यांनी प्रेसमध्ये परत ठेवलं, पण रविवारी मात्र काढतात. नवी रिंग घातलीय. मित्रांनो, तुमच्या घरी माझा एखादा भाऊ असेल तर त्याची रिंग बघत जा, व्हॉल्व्ह धूत जा, पाणी मोजून घाला. आणि आणखी एक मागणं आहे. शिट्टी झाली की तुम्ही ती मोजता. मोजा, पण ती ऐकून घरात कोणी पळतंय का तेही बघा. जगातल्या मोठ्या कुकरजवळ बसलेल्या मोठ्या माणसांनाही हे सांगा. माझं ते ऐकणार नाहीत. रेवासारख्या मुलींचं कदाचित ऐकतील. हसतील आधी. हसू देत.

आता मी गॅसवर आहे. वाफ भरतेय. रेवा सवयीने जिन्यापाशी जाते, मान वर करते, आणि त्या रिकाम्या खोलीकडे बघून ओरडते, "सोयॉनताई, शिट्टी येतेय!"

मी जरा थांबतो. जमेल तितका वेळ शिट्टी धरून ठेवतो. वरून "ग्रँड!" येत नाही.