खाऱ्या शेतातला भित्रा दाणा

मी पोक्कळी या जुन्या वाणाच्या भाताचा एक दाणा आहे. कोचीजवळ समुद्राचं पाणी शेतात शिरतं, त्या खाजणात आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या उगवतं. लोक मला शूर म्हणतात. मित्रांनो, खरं सांगायचं तर मी फार भित्रा आहे.

शेतकरी औसेपने आम्हाला झावळ्यांच्या टोपलीत, केळीच्या पानांत बांधलं आणि तळ्याच्या गोड्या पाण्यात बुडवलं. कोंब डोकावताच बाहेर काढून सावलीत ठेवलं. शेतातल्या उंचवट्यांवरचं मीठ पावसाने धुऊन जाईपर्यंत असंच थांबायचं असतं. पण महिन्यावर दिवस गेले, तर कोंब वाळून मरतात. बावीस दिवस झाले होते. शेजारच्या सगळ्यांनी भात सोडून बारमाही कोळंबीपालन धरलं होतं, त्यामुळे पंचक्रोशीत बियाणं उरलं होतं ते एवढंच. अंधाऱ्या टोपलीत माझा जीव टांगणीला लागला होता.

माती पेरण्याजोगी झाली की नाही, ते चिरुता चेची, म्हणजे गावाची चिरुताताई, तिथलं पाणी जिभेवर घेऊन सांगायची. त्या सकाळी ती पेज खाऊन आली होती.

"चेची, चाख लवकर. दिवस संपत आले बियाण्याचे," औसेप म्हणाला.

"घोड्यावर बसून आलायस का रे?" तिने बोट बुडवून चाखलं. "गोडं आहे. पेर."

माझी निम्मी भावंडं पेरली गेली. मग ऊन चढलं आणि पुढचे उंचवटे अजून सारखे करायचे होते, म्हणून आम्ही बाकीचे टोपलीतच राहिलो. तिसऱ्या दिवशी त्यांचे कोंब तांबूस पडून करपले. ते ऐकून मी भीतीने गारठलो.

चिरुताने कपाळावर हात मारला. "मीच माती खाल्ली, औसेप! पेजेबरोबर खारातली कैरी होती. त्या जिभेला मीठ काय कळणार?"

"कोळंबीवाले हसतील आता मला."

"हसू देत! पण उरलेल्याला हात लावशील तर बघ."

पुढचे दोन दिवस पाऊस कोसळला. दोन्ही सकाळी ती अनशापोटी आली आणि चाखून, मान हलवून परत गेली. इकडे आमचे कोंब सुकत चालले होते. मिठात मरायचं की टोपलीत, एवढंच ठरायचं राहिलंय असं मला वाटे. तिसऱ्या सकाळी तिने तीनदा चाखलं आणि मला मुठीत घेतलं. पेरण्याआधी तिने पुन्हा एकदा बोट बुडवून चाखलं.

मी रुजलो. आज मी औसेपच्या डोक्याएवढा उंच आहे आणि भरतीचं खारं पाणी अंगाला लागलं तरी उभा आहे. बघणारे म्हणतात, "काय चिवट जात आहे!" मित्रांनो, चिवट म्हणून कुणाला संकटात लोटण्याआधी तो अजून केवढा आहे ते बघा. मी मिठाला पुरून उरलो, कारण मी इवलासा होतो तेव्हा माझ्यासाठी दुसरं कुणीतरी घाबरलं होतं.