टिचबटणाची पिवळी पर्स

मित्रांनो, मी एक जुनी पर्स आहे. 'जुनी' हा शब्द स्वतःच्या तोंडाने उच्चारणं कुठल्याही पर्सच्या जिवावर येतं, पण माझ्या कडांचं रेक्झिन सोलपटलं आहे आणि ते झाकायला मला पदर नाही. वीतभर रुंदी, लांब पट्टा आणि झाकणाला एकच भलंमोठं टिचबटण, एवढाच माझा थाट. रंग मात्र पिवळा. तोही असा, की बघणाऱ्याने आधी डोळे मिचकावावेत.

माझा जन्म जुन्नरचा. अमजदभाई जीपगाड्यांच्या सीटची कव्हरं शिवत. एका हौशी जीपवाल्याने पिवळ्याधमक सीट करून घेतल्या आणि त्यातला तुकडा उरला. अमजदभाईंच्या आई जन्नतबी काही वाया जाऊ देणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी मला शिवलं, सीटच्या खिशाचं टिचबटण मला लावलं आणि दुकानाच्या दारात खिळ्याला टांगलं.

माझ्या एका बाजूला मखमलीचा मरून बटवा होता. त्याला जरीचे गोंडे होते आणि तोंड आवळायला दोरी होती. दुसऱ्या बाजूला काळी चकचकीत, हातात धरायची पर्स होती. गिऱ्हाइकं तिला 'क्लच' म्हणत. एकदा एका बाईंनी "क्लच बघू" म्हटलं, तर त्यांचे यजमान रस्त्यात लावलेल्या मोटरसायकलकडे बघायला लागले. बायका त्या दोघांना हातात घेत, आरशात बघत. मला फक्त बोटाने चाचपत आणि म्हणत, "ही पोराच्या डब्याला बरी." लोकांची नजर सगळ्यांत आधी माझ्यावर पडते, एवढ्यावरच मी अर्ध्या हळकुंडाने पिवळी झाले होते. नजर पडणं वेगळं आणि पसंत पडणं वेगळं, हे मला त्या खिळ्यावर कळलं.

एका दुपारी तळेघरच्या वरच्या वाडीतली शीला तिच्या मुलीला घेऊन आली. मुलीचं नाव अक्षदा, वय तेरा. दोघी डॉक्टरांकडून येत होत्या.

"कुणाच्या डोळ्यांत भरनार न्हाई अशी पर्स द्या," शीला म्हणाली.

जन्नतबी हसल्या. "बायका डोळ्यांत भरणारी मागतात, बाई. ठेवायचं काय तिच्यात?"

शीला घुटमळली. अक्षदाने सांगून टाकलं, "साखर."

मित्रांनो, अक्षदाला लहान वयातला मधुमेह होता. तिला रोज इन्सुलिनची सुई घ्यावी लागे. एरवी गोड जपून खायचं, पण कधी कधी रक्तातली साखर एकदम उतरे. मग हात कापत, घाम फुटे, शब्द तोंडात अडखळत. अशा वेळी लगेच साखर पोटात गेली नाही, तर जिवाला धोका. म्हणून डॉक्टरांनी ग्लुकोजची पुडी आणि साखर मोजायचं छोटं यंत्र सतत जवळ ठेवायला सांगितलं होतं. महिन्यापूर्वी शाळेच्या पायवाटेवर ती अशीच मटकन खाली बसली होती. तेव्हा तिचे वडील भिमाजी म्हणाले होते, आणखी एकदा असं झालं, तर शाळा बंद. माणूस कठोर नव्हता, घाबरलेला होता.

जन्नतबींनी क्लच पुढे केली. "चढनीला हात मोकळं लागत्यात," शीलाने ती परत दिली. मग अक्षदाने मला गळ्यात तिरकी अडकवली. टिचबटण उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. तो टक् आवाज तिला आवडला असावा, कारण ती हसली.

"आई, ही घेऊ?"

"ही तर पार घोडेगावातनं दिसंल. लोक इचारतील, पोरीला काय झालंय. झाकली मूठ सव्वा लाखाची, बाय."

बटवा पसंत झाला. तो झग्याच्या आत कमरेला बांधता येत होता. माझा जीव टांगणीला लागलेलाच होता. आता तो तसाच राहणार असं वाटलं. पण जन्नतबींनी मला खिळ्यावरून काढलं आणि शीलाच्या पिशवीत टाकलं. "पोरीचं मन बसलंय हिच्यावर. उरल्या तुकड्याची आहे, पैसे नकोत," त्या म्हणाल्या. अशी मी फुकटात तळेघरला गेले.

फुकट आलेल्या वस्तूची काय किंमत? शीलाने माझ्यात शेतावरच्या चहाचं सामान भरलं. चहापत्तीची पुडी आणि गुळाचा खडा. मला वाईट वाटलं. ज्या पोटात एक जीव सांभाळायचा, त्यात चहापत्ती.

श्रावण लागायच्या आधी भाताची लावणी चालू होती. रविवार होता. अक्षदाही आईच्या मागोमाग चिखलात उतरली होती. शेजारच्या साळुबाई बांधावर चूल मांडून चहाच्या तयारीला लागल्या होत्या आणि मी त्यांच्या मांडीशी होते. शीला खालच्या खाचरात पार दुसऱ्या टोकाला होती. अक्षदा बांधावर आली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. तिने कमरेचा बटवा काढला. सकाळपासून भिजून दोरी फुगली होती आणि गाठ दगडासारखी बसली होती. तिची बोटं कापत होती. गाठ काही सुटेना.

तिने बटवा टाकला आणि माझ्याकडे हात केला. माझं टिचबटण उघडंच होतं. तिचा हात गुळापर्यंत पोचला, आणि साळुबाईंनी मला ओढून घेतलं.

"गूळ न्हाई घ्यायचा, बाय. तुला साखरंचा आजार हाय ना? कोनी सांगत न्हाई, पर मला म्हाईत हाय."

त्यांनी टक् करून माझं बटण लावलं. माझ्या पोटात गूळ होता, समोर पोर कोसळत होती, आणि मी बंद होते. साळुबाईंच्या मनात काडीचं वाईट नव्हतं. शीलाने गोष्ट झाकली होती, म्हणून ती गावात अर्धीच पोचली होती. अजिबात न कळण्यापेक्षा अर्धं कळणं किती घातकी असतं, ते मी तेव्हा पाहिलं. तो क्षण आठवला की आजही मला माझ्या बटणाची लाज वाटते.

अक्षदा खाली बसली ते बघून शीला चिखल तुडवत धावली. तिने बटव्याची गाठ दातांनी तोडली आणि पुडी पाण्यात कालवून लेकीला घोट घोट पाजली. थोड्या वेळाने अक्षदाच्या ओठांवर रंग आला. साळुबाई कपाळाला हात लावून बसल्या होत्या. "आगं, मी चांगल्यासाठीच गं," एवढंच त्या परत परत म्हणत राहिल्या.

घरी आल्यावर भिमाजींनी निकालच दिला. "बास झाली शाळा," म्हणाले.

अक्षदा उठली. तिने मला चुलीजवळून आणलं, चहापत्ती डब्यात ओतली आणि मला ओल्या फडक्याने आतून पुसलं. मग पुड्या, बिस्किटं आणि यंत्र माझ्यात ठेवलं.

"मी ही गळ्यात घालनार. झग्याच्या वरनं. आनि कशासाठी हाय ते सगळ्यांना सांगनार."

"आगं, उद्या सोयरिकीच्या टायमाला लोक..." शीला दाराकडे बघत म्हणाली.

"सोयरीक व्हायला आधी मी जित्ती ऱ्हायला पायजे ना, आई?"

भिमाजींनी मला हातात घेतलं आणि उलटंपालटं केलं. मग लेकीला डोळे मिटायला लावून मला उघडायला सांगितलं. एकदा, दोनदा, दहादा. टक्, टक्, टक्. मी माझं सगळं कसब लावलं. शेवटी त्यांनी मला स्वतःच्या हाताने तिच्या गळ्यात घातलं. "उद्या मी येतो संगं, गुरुजींना सांगाया," ते म्हणाले.

साळुबाईंनी तर कमालच केली. अर्धी गोष्ट सांगणारी बाई पूर्ण गोष्ट सांगायला लागली की तिला कोण अडवणार? पाणवठ्यावर, दुकानात, आहुपे गावाला जाणाऱ्या जीपमध्ये त्या एकच सांगत सुटल्या. "त्या पिवळ्या पर्सवालीचा हात कापाया लागला की साखर द्यायची. आधी द्यायची, मंग इचारायचं." वर्षभरात अक्षदा कोण आणि तिला काय द्यायचं, हे साऱ्या खोऱ्याला पाठ झालं. ज्या रंगाला सगळ्यांनी नावं ठेवली होती, तोच आता कामाला येत होता. मला फार सुख झालं, ते लपवत नाही.

पुढे दहावीची परीक्षा आली. केंद्र परगावचं होतं, तिथे आम्हाला ओळखणारं कुणी नव्हतं. वर्गाच्या दारातच मोहिनी मॅडम म्हणाल्या, "पर्स, पिशव्या सगळं बाहेर व्हरांड्यात." नियम तो नियम. मुली निमूट आपापल्या पर्सा भिंतीशी ठेवू लागल्या. कुणी आरशाची, कुणी मण्यांची, कुणी साखळीची. क्षणभर मला वाटलं, अक्षदाही ठेवते की काय.

तिने मला टेबलावर ठेवून उघडलं. एकेक वस्तू बाहेर काढली. डॉक्टरांची चिठ्ठी शेवटी ठेवली. "मॅडम, ही लपवायची पर्स नाही. बघून घ्या सगळं, पण बाकावर राहू द्या," ती म्हणाली. मॅडमनी चिठ्ठी वाचली, माझा प्रत्येक कप्पा तपासला, आणि मग स्वतः मला तिच्या बाकाच्या डाव्या कोपऱ्यावर ठेवलं.

गणिताचा पेपर होता. दीड तास झाला आणि तिच्या कपाळावर घाम आला. मोहिनी मॅडम खुर्चीवरून अर्ध्या उठल्या. अक्षदाने मान वर केली नाही. डाव्या हाताने माझं बटण उघडलं, पुडी काढली, दातांनी फाडून तोंडात रिकामी केली. उजवा हात तेवढा वेळ गणित सोडवत होता.

मित्रांनो, तुम्ही पर्स घ्यायला जाल तेव्हा आरशात जरूर बघा. गोंडे बघा, रंग बघा. पण एकदा डोळे मिटून ती उघडूनही बघा. आणि तुमच्या वर्गात कुणाच्या गळ्यात माझ्यासारखी एखादी दिसली, तर लांबून कुजबुजू नका. जवळ जा आणि विचारा, ही कशी उघडायची ते मलाही शिकव.