हातानं फिरवलेले किलोमीटर

मित्रांनो, मी एक जुनी व्यायामाची सायकल आहे. घरात ठेवून चालवायची. मला घंटा नाही, दिवा नाही, आणि पेडल कितीही मारलंत तरी मी जागची हलत नाही. माझ्या जातीच्या बऱ्याच जणी ओले टॉवेल वाळत घालण्यात म्हाताऱ्या होतात. माझं तसं झालं नाही. माझं त्याहून वाईट झालं.

कारखान्यात माझ्या लोखंडी नळ्या जोडल्या, पोटात जड चाक बसवलं आणि वर आकडे दाखवणारा वीतभर पडदा लावला. तपासणाऱ्या कामगारानं माझं पेडल फिरवलं आणि शेजारच्याला म्हणाला, लोण्यासारखी फिरते. मी तेवढ्यानंच हुरळून गेले.

दुकानात मला अगदी दर्शनी उभी केली होती. माझ्या शेजारी एक बुटकी, राखाडी सायकल होती. तिला खुर्चीसारखी पाठ होती आणि पेडलं पुढच्या बाजूला होती. तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नसे. मीही नाही.

एके दिवशी एक आई आणि तिचा मुलगा आले. आईनं सव्वीस वर्षं कापडाच्या दुकानात उभं राहून कापड विकलं होतं, त्यात तिचे गुडघे झिजले होते. डॉक्टरांनी तिला रोज अर्धा तास सायकल चालवायला सांगितलं होतं. मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा. उंचापुरा, आईवर जीव टाकणारा, पण घाईचा.

विक्रेत्यानं माझा पडदा सुरू करून दाखवला. वेग, अंतर, हृदयाचे ठोके, सगळं दिसतं म्हणाला. आई मात्र त्या बुटक्या सायकलीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती.

"ती म्हाताऱ्यांची आहे गं," मुलगा म्हणाला, आणि स्वतः माझ्यावर चढून बसला. दोन मिनिटं जोरात पेडल मारलं आणि खूश होऊन उतरला. चालवायची होती आईनं, आणि बसून पाहिलं मुलानं. तिला कुणी बस म्हटलं नाही. तीही बोलली नाही. आणि मी? मी आपली लखलखत उभी होते.

घरी मला खिडकीपाशी ठेवलं. माझं आसन खाली खाली घेतलं, तरी ते आईच्या कमरेच्या वरच राहिलं. दुसऱ्या दिवशी मुलगा कामावर गेल्यावर ती खिडकीची चौकट धरून कशीबशी चढली. तिची फक्त बोटं पेडलला टेकत होती. तिसऱ्या फेरीत पाय निसटला आणि माझं लोखंडी पेडल उलटं फिरून तिच्या नडगीवर बसलं. ती बराच वेळ जमिनीवर बसून राहिली. मग उठून तिनं हळद लावली आणि वर लांब मोजा चढवला.

संध्याकाळी मुलानं विचारलं, "कशी आहे?"

"छान आहे," आई म्हणाली.

त्यानंतर जे झालं ते सांगताना अजून मान खाली जाते. तिनं स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं, माझ्या बाजूला बसली, रेडिओ लावला आणि हातानं माझं पेडल फिरवू लागली. उजवा हात भरून आला की डावा. रोज अर्धा तास. माझ्या पडद्यावर आकडे चढत गेले. संध्याकाळी मुलगा ते पाहायचा, वहीत लिहायचा, कामावरच्या मंडळींना कौतुकानं सांगायचा. मी एकही आकडा खोटा दाखवला नाही, मित्रांनो, आणि तरी त्या घरात माझ्याइतकं खोटं कुणीच बोललं नाही.

अडीच महिन्यांनी दोघं ती वही घेऊन डॉक्टरांकडे गेले. परत आल्यावर घरात जे बोलणं झालं त्यावरून मला सगळं कळलं. गुडघे पहिल्यापेक्षा आखडले होते. एवढी सायकल चालवूनही फरक नाही, म्हणजे आता शस्त्रक्रियेचाच विचार करावा लागेल, असं डॉक्टर म्हणत होते. तेवढ्यात त्यांचं लक्ष आईच्या मनगटाकडे गेलं. ते सुजलं होतं. दुखणं गुडघ्याचं, मग सूज हाताला कशी, असं त्यांनी विचारलं, आणि आईला रडू कोसळलं.

मुलगा माझ्यासमोर उभा राहिला. बूटही काढले नव्हते.

"आई, मला सांगायचं ना."

"तू इतक्या हौसेनं आणलीस. कसं सांगू?"

तो त्याच स्टुलावर बसला आणि हातानं माझं पेडल फिरवू लागला. लिफ्टची जड दारं उघडणारा माणूस, पण चार मिनिटांत त्याचा खांदा भरून आला. तो थांबला, आणि आईचं मनगट दोन्ही हातांत धरून तसाच बसून राहिला.

पुढच्या रविवारी ते परत दुकानात गेले. या वेळी आईनं पाच सायकलींवर बसून पाहिलं, म्हणे. विक्रेता कंटाळून या पायावरून त्या पायावर होत होता, पण मुलानं घाई केली नाही. पाठ असलेली एक बुटकी सायकल घरी आली. आईचे पाय तिच्या पेडलवर सपाट टेकले. शस्त्रक्रियेचं नाव डॉक्टरांनी तूर्त तरी बाजूला ठेवलं आहे.

मी आता वरच्या मजल्यावरच्या उंच शिक्षिकेकडे असते. ती मला रोज चालवते, प्रेमानं पुसते. मला काही कमी नाही.

फक्त एवढंच मागते, मित्रांनो. घरातल्या थोरांसाठी काही आणायला जाल तेव्हा आधी त्यांना बसवा, आणि तुम्ही बाजूला उभे राहा. ते "छान आहे" म्हणाले, तर थोडं थांबून पुन्हा एकदा विचारा.

शिक्षिका एखादं बटण दाबते, तेव्हा माझ्या पडद्यावर जुनं अंतर उमटतं. दोनशे एकाहत्तर किलोमीटर. "बाप रे, कुणीतरी खूप चालवली आहे ही," असं ती म्हणते. मला तिला सांगता येत नाही.