मार्लकोटची आकडी
मित्रांनो, मी एक जुनी आकडी आहे. फळे काढायची नव्हे, पेटत्या गावातली छपरे ओढून पाडायची. तीन पुरुष लांबीचा दांडा, टोकाला लोखंडी नख आणि दोर बांधायला दोन कड्या, एवढाच माझा संसार. मार्लकोट गावात चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर मी राहते.

आमच्या गल्लीतली घरे गवताने शाकारलेली आणि एकमेकांना चिकटलेली. एक घर पेटले की माणसे मला खुंट्यांवरून काढत आणि शेजारच्या घराकडे धावत. शेजाऱ्याचे धडधाकट छप्पर पाडले की आग तिथेच अडे. तो शेजारी स्वतः दोर ओढायला पुढे असे. तिसऱ्या घरातली माणसे तर जागची हलतही नसत, इतका माझ्यावर भरवसा! नंतर गाव त्या शेजाऱ्याला नवे छप्पर घालून देई आणि माझ्या नखावर बिअर ओतून माझे कौतुक करी.

पुढे शहरात आगीचा बंब आला आणि माझ्या अंगावर कोळ्यांनी जाळी विणली. मग सुंदर गावांची स्पर्धा निघाली. गावच्या स्पर्धा समितीच्या मिस ऑडली लोहाराला, एमॉसला, घेऊन माझ्यापाशी आल्या.

"एमॉस, हिला कोणी पळवली तर?"

"पळवतोय कोण, बाई! हिला उचलायलाच सहाजण लागतात."

"तरी पक्की कर. आपल्या गावचा ठेवा आहे हा."

"करतो. प्रलय आला तरी हलायची नाही."

त्याने मला लोखंडी पट्ट्यांनी भिंतीत जखडले आणि खिळ्यांची डोकी ठोकून सपाट केली. वर काळा रंग चढवला. गावाला पहिले बक्षीस मिळाले. खरे सांगते, मीही हुरळून गेले.

पुढच्याच कोरड्या उन्हाळ्यात धुराड्यातल्या ठिणगीने बेकरी पेटली. तिच्या शेजारी म्हातारा गिडियन राहत होता आणि तिसऱ्या घरात, माडीवर, एमॉसची अंथरुणाला खिळलेली आई, डॉर्कस.

"माझं छप्पर पाडा रे! आकडी आणा!" गिडियन ओरडत सुटला.

एमॉस आईला उचलायला धावला, तर ती त्याच्यावरच खेकसली, "मला कशाला हलवतोस? आकडी आहे ना? जा, दोर धर जा!"

आणि तो आईचे ऐकून माझ्याकडे आला. माणसे मला ओढत होती, पण मी जागची हलेना. एमॉसने छिन्नी लावली, हातोडा चालवला. हात फुटले तरी तो थांबला नाही.

"सूट गं बाई, सूट!" तो रडत म्हणत होता. त्याचे काम फार चोख होते.

मी सुटले तोवर गिडियनचे छप्पर ओलांडून आग पुढे गेली होती. एमॉस आईच्या दाराशी पोहोचला तेव्हा जिना कोसळला. बंब आला तेव्हा विझवायला राखच उरली होती.

मित्रांनो, जुन्या वस्तू अवश्य जपा. पण जपण्याच्या नादात त्यांचे हातपाय बांधू नका, आणि बांधलेच असतील तर त्यांच्या भरवशावर कोणाला घरात ठेवू नका.

समितीला मी पुन्हा पक्की हवी होती. पण एमॉसने दोन लाकडी खुंट्या ठोकल्या आणि मला त्यांच्यावर ठेवले. आता तो रोज संध्याकाळी येतो, माझे एक टोक जरासे उचलून पाहतो. मी हलते याची खात्री झाली की घरी जातो.