सातव्या ग्लासाखालचा ब्रेट

टेबलावर बारा ग्लास होते, प्रत्येकात तीस मिलिलिटर शिराझ, म्हणजे गडद लाल वाईन. पाण्याचे दोन जग, फिक्या बिस्किटांची एक बशी, चाखलेली वाईन थुंकायला तीन बादल्या, आणि माणसंही तीनच. ऑस्ट्रेलियातल्या बरोसा खोऱ्यातल्या त्या वाईनरीत आज पिंपांची निवड होती: बारापैकी कोणती सर्वांत वरच्या लेबलात जाणार आणि कोणती साध्या वाईनमध्ये.

मुख्य वाईनमेकर लॉर्ना झ्वार मधे बसली होती. तिच्या डावीकडे अडतीस वर्षं पिंपं सांभाळणारा एरॉल क्लाइनिग. उजवीकडे प्रयोगशाळेतली टॅमसिन नोस्के, या टेबलावर पहिल्यांदाच.

"आज नाक चाललं तर ही खुर्ची कायमची तुझी," लॉर्नाने तिला आधीच सांगून टाकलं होतं. "नाही चाललं तर आपल्या प्रयोगशाळेतल्या नळ्या बऱ्या."

सहा ग्लास सरळ गेले. सातव्याचा वास घेऊन टॅमसिनने वहीत लिहिलं: काळं आलुबुखार, मिरी, किंचित निलगिरीचं पान. वीसपैकी साडेअठरा. मग रंग बघायला तिने ग्लास पांढऱ्या कागदावर कलता केला आणि तळाला चिकटलेली कागदी पट्टी दिसली. एरॉलच्या अक्षरात एकच शब्द: 'ब्रेट?'

ब्रेट म्हणजे पिंपात घुसणारं यीस्ट. ते माजलं की वाईनला घोड्याच्या तबेल्याचा वास येतो.

तिने पुन्हा हुंगलं. तबेला. बिस्किट खाल्लं, पाणी प्यायली, स्वतःचं मनगट हुंगून नाक ताळ्यावर आणलं. आलुबुखार. बरं वाटलं. आणखी एकदा हुंगून बघितलं, तर पुन्हा तबेला. हा वास ग्लासातून येत होता की पट्टीवरून? तिने साडेअठरा खोडून तेरा केले.

"सात?" लॉर्नाने विचारलं.

"अठरा," एरॉल म्हणाला.

"माझेही अठरा. टॅमसिन?"

"तेरा. तबेल्याचा वास आहे."

"पोरी, कामावर घोड्यावर बसून आलीस का?" एरॉल हसला.

"हसतोस काय? तूच तर खाली लिहिलंयस!" तिने ग्लास उचलून तळ दाखवला.

एरॉलने चष्मा चढवला आणि कपाळावर हात मारला. "अगं, हा ब्रेट नोआक! टेकडीवरचा द्राक्षमळेवाला. पिंपातली द्राक्षं त्याच्या मळ्यातली की त्याच्या भावाच्या, ते आठवेना, म्हणून प्रश्नचिन्ह. पट्टी काढायची राहिली."

"नाव झाकून चव घ्यायची, तर हा ग्लासालाच नाव चिकटवतो," लॉर्ना म्हणाली. "आणि तू, टॅमसिन, नाकाने वाचलंस."

टॅमसिनचे कान तापले. तिने वही पुढे सरकवली. "पट्टी दिसायच्या आधी साडेअठरा दिले होते. हे बघ, खोडलेत. पण नंतर वास आला, खरंच आला. आता तो आहे की नाही, मला सांगता येत नाही."

लॉर्नाने सातवा ग्लास ओढून घेतला आणि बराच वेळ नाक आत घातलं. तिच्या कपाळाला आठी पडली.

"आता मेला मलाही येतोय."

"मला नाही येत," एरॉल म्हणाला. मग त्याने हुंगलं. "म्हणजे, मघाशी नव्हता."

लॉर्नाने ग्लास बाजूला सारला.

"यंत्राला वाचता येत नाही, तेच बरं," ती म्हणाली. "त्या वासाचं रसायन मोजून आण. लिटरला साधारण चारशे मायक्रोग्रॅमपासून ते माणसाच्या नाकाला कळतं. चारशेच्या वर निघालं तर पिंप बाहेर आणि खुर्ची तुझी. खाली निघालं तर पिंप वरच्या लेबलात आणि तू नळ्यांकडे. कबूल?"

"कबूल."

टॅमसिनने सातव्या पिंपातून तीन नळ्या भरल्या. नळ्यांवर फक्त आकडे घातले. जेवणानंतर यंत्राने कागद बाहेर टाकला.

पहिली नळी ३९६, दुसरी ४०७, तिसरी ४०३. सरासरी, लिटरला ४०२ मायक्रोग्रॅम.